छायाप्रत हातात आली आणि गणिताचा गुंता सुटायला लागला

दहावीच्या निकालादिवशी पेढ्यांचे फोटो सगळीकडे फिरतात. ज्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही, त्या घरानं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठं जायचं, कुठला अर्ज किती तारखेपर्यंत भरायचा, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. माझी लेक मार्च २०२४ च्या परीक्षेत गणितात राहिली आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटली. त्या मधल्या काळात आम्हाला जे विचारत विचारत शोधावं लागलं, ते सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

निकाल २७ मे रोजी दुपारी एक वाजता ऑनलाइन लागला. आधीच्या चाचण्यांमध्ये गणित कच्चं आहे हे कळलं होतं, पण काठावर का होईना निघेल, असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. बाकी सगळे विषय बरे होते. मराठी ७१, सामाजिक शास्त्रं ६४, विज्ञान ४८. आणि गणित २२. त्या वर्षी राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला होता. एवढी मुलं पास झालेली असताना जे मूल राहतं त्याला वाटतं, अख्ख्या महाराष्ट्रात आपणच तेवढे मागे राहिलो. खरं तर साडेपंधरा लाखांच्या आसपास मुलं बसली होती, म्हणजे राहिलेलीही पासष्ट हजारांच्या घरात होती. हा हिशोब मी तिला त्याच संध्याकाळी करून दाखवला. तिनं ऐकून घेतलं, बोलली काहीच नाही.

त्या रात्री तिला एकटीला झोपू दिलं नाही. नातेवाइकांचे फोन मीच घेतले आणि तिच्या बाबांनी तिचा मोबाइल तिच्या संमतीनं दोन-तीन दिवस स्वतःकडे ठेवला, कारण वर्गाच्या ग्रुपवर टक्केवाऱ्यांचा पाऊस पडत होता. निकालाच्या दिवसांत मंडळाच्या समुपदेशकांचे फोन नंबर वर्तमानपत्रांत छापून येतात. ते कापून फ्रिजवर लावून ठेवा. आम्हाला लागले नाहीत, पण ते समोर आहेत याचाही आधार वाटतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. ऑफिसमधल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. राहिलेल्या मुलासमोर तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि पालकांचा तिथंच गोंधळ उडतो. पहिली गुणपडताळणी. यात फक्त बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, एवढंच पाहतात. तिचं शुल्क २०२४ मध्ये विषयामागे ५० रुपये होतं. दुसरी उत्तरपत्रिकेची छायाप्रत, तेव्हा विषयामागे ४०० रुपये. तिसरं पुनर्मूल्यांकन, म्हणजे पेपर नव्यानं तपासणं, तेव्हा विषयामागे ३०० रुपये. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. गुणपडताळणी आणि छायाप्रतीच्या अर्जांची मुदत २८ मे ते ११ जून होती. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि पैसेही ऑनलाइनच. गुणपत्रिकेची ऑनलाइन प्रत सोबत ठेवा, बैठक क्रमांक आणि आईचं नाव सारखं लागतं.

या तिन्हींपेक्षा वेगळा असतो पुरवणी परीक्षेचा अर्ज. तो शाळेमार्फत भरतात आणि त्याच्या तारखाही याच दिवसांत असतात. कुणाचंही ऐकून "आधी पेपर तपासून येऊ दे, मग बघू" असं करू नका. पुनर्मूल्यांकनात काहीही होवो, पुरवणीचा अर्ज आधी भरून टाका. मुदत गेली की विलंब शुल्क पडतं आणि तीही तारीख गेली की पुढची संधी थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये. आम्ही त्याच आठवड्यात अर्ज भरला आणि पावती फाइलला लावली.

अकरावीचंही तिथंच विचारून घेतलं. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीची सवलत मिळते, म्हणजे त्या निकालावर अकरावीत तात्पुरता प्रवेश घेता येतो. राहिलेले विषय मात्र पुरवणी किंवा त्यानंतरच्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेत सोडवावे लागतात, नाहीतर अकरावीचा निकाल राखून ठेवतात. लेकीचं मन होईना. "सगळ्यांना कळेल ना आई, माझा विषय राहिलाय." तिच्या बाबांनी एवढंच म्हटलं, "कळू दे. कॉलेज सुरू होईल तेव्हा तू वर्गात बसलेली असशील, ते महत्त्वाचं." जूनच्या अखेरीला वाणिज्य शाखेत एटीकेटीवर प्रवेश घेतला. आता मागे वळून पाहताना वाटतं, हे फार बरं झालं. घरी बसून राहिली असती तर पुरवणीच्या निकालापर्यंतचा काळ तिला खायला उठला असता.

छायाप्रत मागवायची की नाही, यावरून घरात थोडी वादावादी झाली. तेरा गुण कमी पडले होते. बेरजेच्या चुकीनं तेरा गुण काही वाढत नाहीत, मग ४०० रुपये कशाला घालवायचे, असं माझ्या दिरांचं म्हणणं. त्यांचं बोलणं हिशोबाला धरून होतं. पण गल्लीत राहणारे निवृत्त गणित शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो, त्यांनी शिकवायला होकार देताना एकच अट घातली. "पेपर आणून दाखवा. आजार कुठं आहे ते बघितल्याशिवाय मी औषध देणार नाही." म्हणून मागवली. आणि या सगळ्या काळात आम्ही खर्च केलेल्या पैशांतले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे हेच, असं मी आज ठामपणे सांगते.

कारण गुणपत्रिकेवर गणिताचा एकच आकडा असतो. आत मात्र भाग एक म्हणजे बीजगणित ४० गुणांचं, भाग दोन म्हणजे भूमिती ४० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं असतं. २२ गुण कुठून आले आणि बाकीचे कुठं गेले, ते गुणपत्रिका सांगत नाही. छायाप्रत जूनमध्ये आली, ती चौकातल्या दुकानातून छापून आणली. बीजगणितात ६, भूमितीत ४. उरलेले १२ अंतर्गतचे.

गुरुजींनी पहिल्या दिवशी तिला एकही गणित घातलं नाही. लाल पेन बाजूला ठेवून शिसपेन घेतली, उत्तरपत्रिका ओट्यावर पसरली आणि तिला म्हणाले, "आज तू मास्तर. तूच तपास." लेक आधी पानाकडे बघायलाच तयार नव्हती. मग हळूहळू वाकून वाचायला लागली.

क्रेमरच्या पद्धतीचं गणित होतं. निश्चयकात, म्हणजे चार संख्यांच्या चौकटीत, तिरपे गुणाकार करून एकातून दुसरा वजा करायचा असतो. पहिल्या ओळीत ३ आणि −४, दुसऱ्या ओळीत २ आणि ५. तिनं ३ × ५ = १५ लिहिलं होतं, मग −४ × २ = −८, आणि शेवटी १५ − ८ = ७. ऋण संख्या वजा करताना चिन्ह बदलतं, उत्तर १५ + ८ = २३ यायला हवं होतं. ७ आल्यावर पुढे अपूर्णांक आले, ते सुटेनात, म्हणून अख्खं गणित तिनं काट मारून सोडून दिलं होतं. दोन पानं पुढे वर्गसमीकरण. शेवटचं पद −१०. विवेचक, म्हणजे b² − 4ac, काढताना ९ + ४० = ४९ यायला हवं, तिनं ९ − ४० = −३१ लिहिलं होतं, आणि खाली "वर्गमूळ निघत नाही" असं लिहून गणित थांबवलं होतं. ४९ आलं असतं तर वर्गमूळ ७, आणि उत्तर दोन ओळींवर होतं. अंकगणिती श्रेढीत साधारण फरक ऋण होता, तिथंही तेच.

लेकीनं तिसऱ्या ठिकाणी शिसपेनीनं गोल केला आणि मान वर करून म्हणाली, "गुरुजी, ही सगळी एकच चूक आहे." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. निकाल लागल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदा मोकळा ऐकला. तोवर तिच्या मनात पक्कं बसलं होतं की आपल्याला गणित येतच नाही. समोर कागदावर दिसत होतं की रीत तिला येते आहे, ऋण संख्यांची वजाबाकी तेवढी सहावी-सातवीपासून कच्ची राहिली आहे, आणि ती एकटीच प्रत्येक धड्यात शिरून गुण घेऊन जाते आहे.

भूमितीचं दुखणं निराळं होतं. तिथं पानं कोरीच होती. सिद्धतेत विधानं लिहिलेली, पण समोरच्या रकान्यात कारणं नाहीत. भौमितिक रचनेचा प्रश्न सोडूनच दिलेला. आणखी एक गोष्ट गुरुजींच्या लक्षात आली. तिनं पेपर प्रश्न ४ पासून सुरू केला होता, मोठ्या गुणांचं आधी उरकू म्हणून. त्या एका प्रश्नावर दीड-दोन पानं खर्ची पडली आणि शेवटी पहिल्या प्रश्नातले एकेक गुणाचे उपप्रश्न तसेच राहिले. प्रत्येक भागाला दोनच तास असतात. पहिल्या प्रश्नात ४ गुणांचे बहुपर्यायी आणि ४ गुणांचे छोटे प्रश्न, दुसऱ्यात ४ गुणांच्या कृती आणि ८ गुणांची सोपी गणितं. म्हणजे ४० पैकी २० गुण पहिल्या दोन प्रश्नांतच असतात. हे आराखड्यात छापलेलं असतं, प्रत्येक मुलाला कधी ना कधी सांगितलेलंही असतं. पण आपल्याच पेपरात ती जागा कोरी दिसल्यावर ते जसं डोक्यात उतरतं, तसं नुसतं सांगून उतरत नाही.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आम्ही केला नाही. तपासणीत काही वावगं दिसत नव्हतं, उलट जिथं दोन पायऱ्या बरोबर होत्या तिथं अर्धा-एक गुण दिलेलाही होता. तुमच्या मुलाच्या पेपरात एखादं उत्तर तपासायचंच राहिलेलं दिसलं किंवा बरोबर रीतीला शून्य दिसलं, तर जरूर अर्ज करा. पण विषयाच्या शिक्षकांचं मत घेऊनच, आणि ते पाच दिवस संपायच्या आत.

अभ्यासाला साधारण पाच आठवडे मिळाले. गुरुजी फी घेत नव्हते, आम्ही आग्रहानं तीन हजार दिले. पहिला आठवडा पूर्ण ऋण संख्यांवर गेला. मला धाकधूक होत होती की दहावीचं कधी सुरू होणार, पण गुरुजी ढिम्म. दुसऱ्या आठवड्यापासून धडे सुरू झाले, तेही सगळे नाहीत. बीजगणितात अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी पक्की, त्यानंतर दोन चलांतील रेषीय समीकरणं. भूमितीत पायथागोरसचं प्रमेय, निर्देशक भूमितीतली अंतराची आणि विभाजनाची सूत्रं, त्रिकोणमितीतली नित्यसमानता आणि भौमितिक रचना. वर्तुळाची लांबलचक प्रमेयं शेवटी, वेळ उरला तर. पासला १०० पैकी ३५ लागतात. गुरुजींनी लक्ष्य दिलं ते लेखीतच ८० पैकी ३५ चं, म्हणजे अंतर्गत गुणांवर डोळा ठेवायला नको.

अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी येतो. आमचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं छोटं दुकान आहे. तिच्या बाबांनी जुन्या बिलांचा गठ्ठा घरी आणला आणि करपात्र किंमत झाकून तिला उलटं काढायला लावायचे. १८ टक्क्यांत ९ केंद्राचा आणि ९ राज्याचा, हे तिला पाठ करावं लागलं नाही. संध्याकाळी दुकानात बसून ती गिऱ्हाइकाच्या बिलावरचा कर तोंडी सांगायला लागली. या धड्याची भीती तिथंच गेली.

चुकांसाठी एक वेगळी शंभर पानी वही केली. चुकलेलं गणित डाव्या पानावर जसंच्या तसं उतरवायचं, चूक जिथं झाली त्या ओळीखाली रेघ मारायची आणि उजव्या पानावर बरोबर करायचं. गणित चुकलं की आधी ती पुसून टाकायची. गुरुजींनी खोडरबर बंद केला. वहीची पहिली पानं वजाच्या चिन्हानं भरलेली आहेत. पुढे पुढे त्याच चुका कमी होत गेलेल्या दिसतात आणि सूत्र विसरणं, एकक न लिहिणं अशा नव्या यायला लागतात. ज्या दिवशी मन खचायचं त्या दिवशी ती हीच वही चाळायची. आम्ही धीर देऊन जे होत नव्हतं ते त्या पानांनी व्हायचं. बरोबरीनं मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आणून दर रविवारी घड्याळ लावून दोन तासांचा पेपर सोडवला, कधी बीजगणित, कधी भूमिती, आणि प्रत्येक वेळी पहिल्या प्रश्नापासून.

सगळे दिवस सरळ गेले नाहीत. कॉलेज सुरू झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दहावीची टक्केवारी विचारली आणि ती घरी येऊन दप्तर फेकून पडून राहिली. पुरवणीला बसायचंच नाही म्हणाली. त्या दिवशी आम्ही अभ्यासाचं नाव काढलं नाही. गुरुजींनाही निरोप दिला. दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतःच आले, चहा घेतला, भूमितीच्या दोन आकृत्या तिच्याकडून काढून घेतल्या आणि गेले.

प्रवेशपत्र शाळेतून मिळालं. त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का आहे ना, नाव आणि विषय बरोबर आहेत ना, हे खिडकीतच तपासा. पुरवणीला मुलं कमी असल्यानं केंद्रंही कमी असतात. मार्चचं केंद्र आमच्या गावातच होतं, या वेळी कराडला जावं लागलं. परीक्षा १६ जुलैपासून, म्हणजे भर पावसात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यानं आम्हा दोघींचा खर्च फार आला नाही, पण वेळेचा भरवसा नव्हता. म्हणून ठरलेल्या गाडीच्या आधीची गाडी धरायचो. प्रवेशपत्र, पट्टी, कंपास, दोन शिसपेन्सिली प्लास्टिकच्या पिशवीत, आणि कोरडे मोजे वेगळे. भिजल्या पायांनी दोन तास बसणं सोपं नाही.

केंद्रावरचं वातावरण मार्चसारखं नसतं. ना गर्दी, ना फुलं देणारे कार्यकर्ते. वेगवेगळ्या शाळांची, वेगवेगळ्या वयांची मुलं-मुली गप्प उभी असतात. एक जण लग्न झालेली होती, कडेवरचं बाळ सासूबाईंकडे देऊन आत गेली. मला तिचा फार अभिमान वाटला. माझी लेक तिच्याशी दोन शब्द बोलली आणि दोघी बरोबरच वर गेल्या. भूमितीच्या पेपरानंतर बाहेर येताना लेकीनं लांबूनच कंपासपेटी उंच करून दाखवली. रचनेचा प्रश्न पूर्ण झाला होता.

२६ जुलैला अतिवृष्टीमुळे राज्यभरातले त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलले गेले आणि दहावीचा विज्ञान भाग दोन ३१ जुलैला झाला. आमचे दोन्ही पेपर तोवर झाले होते, पण ओळखीच्या एका मुलाला हे अर्ध्या रस्त्यात कळलं. पावसाळ्यात पेपरच्या आदल्या रात्री आणि सकाळी निघण्यापूर्वी मंडळाची सूचना आहे का ते पाहून घ्या आणि केंद्रावर एखादा फोन करा.

निकाल २३ ऑगस्टला, शुक्रवारी दुपारी एक वाजता. दहावीच्या पुरवणीचा राज्याचा निकाल ३६.७८ टक्के लागला. बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं पुन्हा राहिली. हा आकडा वाचून मला आनंदाआधी रडू आलं, कारण केंद्रावर गप्प उभी असलेली ती सगळी पोरं डोळ्यांसमोर आली. लेकीला गणितात ५१ मिळाले. तिनं आधी गुरुजींना फोन केला, मग बाबांना. गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, "पुन्हा छायाप्रत मागवायची का?" ती हसली आणि खरंच मागवूया म्हणाली. पास झालेल्या पेपरात अजून कुठं गुण गेले, ते तिला बघायचं होतं. बाबांनी लगेच होकार दिला, दिरांनी पैसे दिले.

त्यानंतरची कामं छोटी असतात, पण राहून जातात. नवी गुणपत्रिका शाळेत येते, ती आणायला मूल आणि पालक दोघांनी गेलेलं बरं. कॉलेजच्या कार्यालयात ती दाखवून साक्षांकित प्रत द्या आणि रजिस्टरमधला एटीकेटीचा शेरा काढून प्रवेश नियमित झाला आहे, हे स्वतः बघून या. आम्ही हे सप्टेंबरमध्ये केलं. मार्चची गुणपत्रिका टाकून देऊ नका, दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवा, लॅमिनेशन करू नका. पुरवणीच्या अर्जाची पावती आणि प्रवेशपत्रही त्यातच राहू द्या.

आता आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं बीजगणित डळमळीत आहे. त्याच्या आईनं लेकीची चुकांची वही मागितली. लेकीनं वही दिली नाही, त्याला नवी कोरी आणून दिली आणि संध्याकाळी त्याच्या सहामाहीच्या पेपरावर त्यालाच शिसपेन धरायला लावली.